आधी विचारा, मग बांधा

अभियांत्रिकी महाविद्यालयांतून हल्ली 'डिझाइन थिंकिंग' शिकविले जाते. ज्याची अडचण त्याच्या दारी जाऊन ती समजून घ्यावी, लहानसा नमुना करून त्याच्याच हाती द्यावा आणि चुकल्यास पुन्हा करावा, हे त्याचे सार. नाव नवे असेल. धडा मात्र मराठवाड्याने फार मोठी किंमत देऊन घेतला आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने सुमारे ८,००० बळी घेतले. चिखलात रचलेल्या दगडी भिंती व मातीची जड माळवदे यांनीच घात केला. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. घरे भक्कम झाली. पण सरळ रेषेत आखलेल्या अनेक वसाहतींत अंगण हरवले, गुरांना जागा उरली नाही, शेत लांब पडले. याउलट, जेथे दुरुस्ती घरमालकांच्या हाती राहिली आणि गावच्या स्त्रिया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या, तेथे काम लोकांचे झाले.

२०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वेळी हंडे घेऊन रांगेत कोण उभे होते, हे ज्यास ठाऊक नाही, त्याने पाणीयोजनेचा आराखडा काढू नये. म्हणून नांदेड-लातूरच्या शिक्षणसंस्थांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे: विद्यार्थ्यांच्या प्रकल्पास गुण देताना परीक्षकाशेजारी गावकऱ्यासही बसवा. ज्याला त्या घरात राहावयाचे आहे, त्याच्याहून मोठा परीक्षक कोण?