फुगलेली बॅटरी

सोसायटीच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात या आठवड्यात मोबाइलची बॅटरी दिसली, पुरीसारखी टम्म फुगलेली. पुरी फुगली की घर खूश होतं. लिथियम-आयन बॅटरी फुगते ती आत वायू साठल्यामुळे, आणि कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली तर ती पेट घेऊ शकते. सफाई कामगाराच्या हाती आपण हे सोपवतो, याची मला चीड येते. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी मात्र कुणी फेकत नाही! तिच्यातल्या शिशाला मोल आहे, दुकानदार नवीच्या किमतीतून तेवढे पैसे वजा करतो. केंद्र सरकारच्या २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनी सगळ्याच प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. आता मोबाइलच्या, पॉवरबँकेच्या किमतीत अनामत धरा, जुनी बॅटरी आणून देणाऱ्याला ती परत करा. लोक रांग लावतील. तोवर फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, टोचू नका, टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा केंद्रावर द्या. आणि मुलांच्या खेळण्यात १.२ व्होल्टचे, पुन्हा चार्ज होणारे निकेलचे सेल घालत असाल (जरूर घाला), तर सगळे एकदमच बदला. जुन्यात नवा मिसळला की दमलेला सेल आधी रिकामा होतो आणि कायमचा बिघडतो, म्हणजे कचऱ्यात आणखी भर.