आमची हरकत कुठे नोंदवायची?

पुण्यातल्या एका वस्तीच्या तोंडाशी एक गाळा कितीतरी दिवस बंद होता. एके दिवशी त्याला रंग लागला, शटर बदललं आणि बियर शॉपी येणार अशी कुजबुज सुरू झाली. समोर नळकोंडाळं, पलीकडे बायकांचा सार्वजनिक संडास. आमच्या गटातल्या बायकांनी दोन संध्याकाळी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आणि अर्ज घेऊन कचेरी गाठली. साहेबांनी अर्ज वाचून परत दिला. म्हणाले, "बाई, दुकान सुरू तर होऊ द्या. मग मतदान मागा."

म्हणजे आधी घर पेटू द्यायचं आणि मग बंबासाठी अर्ज करायचा!

मैत्रिणींनो, हा एका साहेबाचा उर्मटपणा असता तर मी लिहायला बसले नसते. पण कायद्याचा रोखच तसा आहे. परवाना देताना शाळा आणि देऊळ किती अंतरावर आहे हे मोजतात. संडास किती अंतरावर आहे हे कोणी मोजत नाही. रात्री दहा वाजता पोरीला सोबत घेऊन तिथे जाणाऱ्या बाईला कोणी विचारत नाही.

आपल्या हाती आहे ती 'आडवी बाटली'. २००८ च्या सरकारी आदेशाने वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या तर मतदान घेण्याची सोय केली. पण अट काय घातली? मतदान केलेल्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीला मत द्यायला हवं. समजा, यादीत ४,००० बायका आहेत. २,२०० मतदानाला आल्या, त्यातल्या १,९०० जणींनी बाटली आडवी केली. तरी दुकान चालूच! कामावरून सुट्टी न मिळालेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, मरून यादीत राहिलेली, या सगळ्यांची मतं बाटलीच्या पारड्यात. असा हिशेब लावला तर किती नगरसेवक निवडून येतील?

मार्च २०२५ मध्ये तेव्हाचे उत्पादन शुल्क मंत्री अजित पवार यांनी विधानसभेत दोन गोष्टी जाहीर केल्या. वॉर्डात झालेल्या मतदानापैकी ७५ टक्के मतं विरोधात गेली तर दुकान बंद होईल. आणि सोसायटीच्या गाळ्यात बियर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीचा ना-हरकत दाखला लागेल. पहिली घोषणा जुन्या अटीपेक्षा बरी, तरी आमदाराला एका मताने जिंकता येतं आणि आम्हाला ७५ टक्के का, हा प्रश्न उरतोच.

दुसरी घोषणा नीट वाचा. दुकान येण्याआधी 'नाही' म्हणायचा हक्क सरकारला पटला, पण तो मिळाला सोसायटीला. वस्तीत, चाळीत, वाड्यात सोसायटी कुठून आणायची? आणि सोसायटीतही सभासद म्हणून बहुधा नवराच बसतो, कारण घर त्याच्या नावावर!

कोणी म्हणेल, दुकान अडवलं तर हातभट्टी येईल. हातभट्टी रोखणं हे पोलिसांचं काम. ते होत नाही म्हणून आम्ही गप्प बसायचं? कोणी म्हणेल, धंदा करणं हा त्याचा हक्क आहे. दारूचा धंदा हा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच 'खोडे डिस्टिलरीज' खटल्यात सांगितलं आहे.

आम्ही इथे दारूबंदीही मागत नाही. चंद्रपूरच्या बायकांनी वर्षानुवर्षं लढून २०१५ मध्ये ती मिळवली आणि २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने एका बैठकीत उठवली. सरकारने दिलेलं सरकार काढून घेतं. म्हणून आम्हाला कायद्यात लिहिलेला हक्क हवा:

– परवाना देण्यापूर्वी त्या जागेवर मराठीत ठळक नोटीस लागावी, हरकतीसाठी ३० दिवस मिळावेत.

– सुनावणी वस्तीत व्हावी, बायका कामावरून परतल्यावर.

– दुसरीकडून स्थलांतर होऊन येणाऱ्या दुकानालाही हेच नियम लागावेत.

– मतदानात झालेल्या मतांचं साधं बहुमत पुरेसं मानावं.

तोवर एवढं करूया. बंद गाळ्याला रंग लागला की चौकशी सुरू करायची. अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलायचं नाही. आणि "दुकान सुरू तर होऊ द्या" असं कोणी म्हणालं, तर शांतपणे सांगायचं, "साहेब, हेच लेखी द्या."