दुय्यम कोण?

आंबेडकर जयंतीचा एप्रिल जवळ आला की नागपूरजवळच्या हिंगणा, वानाडोंगरी, एमआयडीसी या पट्ट्यातल्या भिंतींवर दुय्यम कव्वालीची पोस्टरं दिसू लागतात. एका अंगाला कव्वाल, दुसऱ्या अंगाला गायिका, मधोमध बाबासाहेब आणि खाली आयोजक मंडळाची नावं. विदर्भाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं, की इथे 'दुय्यम' म्हणजे हलकी नव्हे. दोन पार्ट्या समोरासमोर बसतात, एकाने सवाल टाकायचा आणि दुसऱ्याने तो उलटवायचा. बुद्ध-भीमगीतं होतात, समाजाला चार शब्द सुनावले जातात आणि रात्र चढली की बाई-पुरुषांच्या टोमण्यांनाही धार येते. जमैकाच्या किंग्स्टन शहरात हाच खेळ भिंतीएवढे स्पीकर लावून खेळला जातो. तिथल्या बोलीत 'डीजे' म्हणजे तबकड्या लावणारा नव्हे, त्याला 'सिलेक्टर' म्हणतात. डीजे म्हणजे माइक हातात घेऊन चालीवर शब्द फेकणारा, किंवा फेकणारी. या गाण्याचं नाव डान्सहॉल. त्याविषयी आपल्याकडच्या जाणत्या श्रोत्यांचं एक मत ठरून गेलं आहे. रेगे म्हणजे बॉब मार्ली, म्हणजे विद्रोह. डान्सहॉल म्हणजे त्याची घसरण. आणि त्यात चावट गाणारी बाई म्हणजे या घसरणीची जाहिरात. ती पुरुषांच्या नजरेसाठी गाते, म्हणून तिला कलावंत का म्हणायचं, असा हा युक्तिवाद. मला तो मुळातच चुकीचा वाटतो.

आधी घसरणीचा आरोप पाहू. डान्सहॉलमधल्या चावटपणाला जमैकात 'स्लॅकनेस' म्हणतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तो गाजवला पुरुषांनी. यलोमॅन हे त्यांतलं सर्वांत मोठं नाव. बाईच्या अंगाचं वर्णन पुरुष करत होता तोवर ती गंमत होती. मॅरियन हॉल ही सेंट मेरी परगण्यातली मुलगी 'लेडी सॉ' या नावाने माइकवर आली आणि तिने तोच हिशेब पुरुषांच्या अंगावर उलटवला, तेव्हा एकदम संस्कृती धोक्यात आली. १९९०च्या दशकात तिच्या कार्यक्रमांवर आक्षेप आले. १९९६मध्ये तिने 'व्हॉट इज स्लॅकनेस' हे गाणं काढून त्यांना उत्तर दिलं. त्याचा आशय असा, की रस्ते दुरुस्त न होणं आणि सरकारने दिलेला शब्द मोडणं हा खरा चावटपणा, माझं गाणं नव्हे. दुय्यमच्या मंचावर याला 'जबाब' म्हणतात, आणि असा जबाब पडला की मंडपात नोटा उधळतात. याच बाईने निरोधाच्या वापरावर गाणं केलं आणि २००७मध्ये मूल न होणाऱ्या बाईच्या दुःखावर. २००४मध्ये 'नो डाउट' या बँडबरोबरच्या गाण्यासाठी तिला ग्रॅमी मिळाला. एवढ्या पल्ल्याच्या कारकिर्दीला एका शब्दात 'अश्लील' म्हणून मोकळं होणं हा आळस आहे.

आता आपल्या घरात या. अश्लीलता शब्दांत असते असं मानलं, तर मराठीत एक कोडं उभं राहतं. सुलोचना चव्हाणांनी अस्सल शृंगाराच्या लावण्या गायल्या. १९६२च्या 'रंगल्या रात्री अशा'मधल्या जगदीश खेबुडकरांच्या लावणीने त्या घरोघरी पोचल्या. अत्र्यांनी त्यांना 'लावणीसम्राज्ञी' म्हटलं, २०२२मध्ये पद्मश्री आली, आणि ते सगळं त्यांचं हक्काचं होतं. पण त्यांच्याविषयी बोलताना प्रत्येक जण एक गोष्ट आवर्जून सांगतो: त्या डोक्यावर-खांद्यावर पदर घेऊन, जागच्या न हलता गात. म्हणजे शब्द तेच, सूर तोच ठसक्याचा. फरक पडला तो पदराने आणि जागेने. तीच लावणी कनातीत, पायांत चाळ बांधून, दौलतजादा घेत कोल्हाटी किंवा मांग घरातल्या बाईने गायली की तिचा 'तमाशा' होतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हातून गौरव मिळाला तो दोनदा, १९५७ आणि १९९०मध्ये. भर कार्यक्रमात कळा आल्या, पडद्यामागे बाळंत होऊन त्या पुन्हा मंचावर उभ्या राहिल्या, ही कथा महाराष्ट्र डोळे पुसत सांगतो. प्रेक्षकांचा खेळ थांबू नये म्हणून हे त्यांना करावं लागलं, याची लाज मात्र कुणाला वाटत नाही. २००२च्या जानेवारीत त्या गेल्या, त्या विपन्नावस्थेत. २००६पासून त्यांच्या नावाने सरकार पुरस्कार देतं. अभ्यासक शर्मिला रेगे आणि शैलजा पाईक यांनी तमाशातल्या बाईविषयी लिहिताना नेमकं हेच दाखवलं आहे, की 'अश्लील' हा शिक्का गाण्यावर नव्हे, जातीवर आणि पोट भरण्याच्या रीतीवर बसतो. अभ्यासक कॅरोलिन कूपर यांनी जमैकाविषयी मांडलेलं म्हणणं याच्या सख्ख्या बहिणीसारखं आहे. टेकडीवरच्या बंगल्यांतल्या सभ्यतेला खालच्या वस्तीचं गाणं घाण वाटतं, आणि त्या वस्तीतल्या बाईला ते गाणं मोकळा श्वास देतं.

यावर काही आक्षेप येतील, आणि सगळेच पोकळ नाहीत. पहिला, हे शब्द मुळात पुरुषांनीच लिहिलेले असतात, मग बाईचा आवाज कुठला? लावणीपुरतं हे बहुतांशी खरं आहे. पण लेडी सॉने आपले शब्द आपणच रचले, आणि दुय्यममध्ये तर समोरच्याचा सवाल आल्यावर जबाब जागेवरच बसवावा लागतो. डायरीत लिहून आणलेलं तिथे अर्ध्या रात्रीत संपतं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लेडी सॉने स्वतःच डिसेंबर २०१५मध्ये हे गाणं सोडलं, बाप्तिस्मा घेतला आणि ती धर्मोपदेशक झाली. म्हणजे तिनेच चूक कबूल केली, असं म्हणतात. तिच्या निर्णयाचा मान ठेवावाच. पण माणूस बदलला म्हणून आधीची गाणी खोटी ठरत नाहीत. शिवाय वाट बदलायला हाताशी पर्याय असावे लागतात, ते तिच्याकडे होते. विठाबाईंच्या फडाला सुपारी मोडणं परवडत नव्हतं, तिथे वैराग्य कुठून परवडणार? तिसरं, आवाजाचा त्रास. वरातीतल्या डीजेच्या गाडीने खिडक्यांच्या काचा थरथरतात, हे हिंगणा रोडवर राहणाऱ्याला कुणी शिकवायला नको. रात्री दहाचा नियम पाळलाच पाहिजे. मात्र तो गुन्हा स्पीकरचा आहे. उलट त्या गाडीने पहिला घास घेतला तो माइकवरच्या जिवंत बाईचा. आता तिच्या जागी पेनड्राइव्ह गातो.

तेव्हा बाई काय गाते यावर इतका काथ्याकूट करणाऱ्यांनी तिच्या हातात काय पडतं, हे कधी विचारलंय का? सिस्टर नॅन्सीची कारकीर्द मला यासाठी सर्वांत बोलकी वाटते. ऑफलिन रसेल हे तिचं खरं नाव. पुरुषांनी भरलेल्या साउंड सिस्टीमच्या मंचावर उभी राहिलेली ती पहिली नावाजलेली डीजे. १९८२मध्ये निर्माते विन्स्टन रायली यांच्या 'वन, टू' या अल्बमसाठी तिने एका जुन्या, अनेकांनी वापरलेल्या चालीवर 'बॅम बॅम' गायलं. हे गाणं पुढे सिनेमात गेलं, जाहिरातीत गेलं, कान्ये वेस्ट आणि जे-झी यांच्या गाण्यांतही गेलं. त्यात चावट शब्द एकही नाही. माइक हातात घेतलेल्या बाईकडे लोक कसे आश्चर्याने बघतात, एवढंच ती सांगते. तरी तिला वर्षानुवर्षं त्याचे पैसे मिळाले नाहीत. ती न्यू जर्सीत जाऊन बँकेत नोकरी करू लागली. २०१४मध्ये टीव्हीवर बुटांच्या जाहिरातीत स्वतःचाच आवाज ऐकू आला तेव्हा तिने वकील गाठला, आणि मागच्या दहा वर्षांची रॉयल्टी व निम्मा हक्क पदरात पाडून घेतला. सोज्वळ गाणारीही लुटली जाते आणि चावट गाणारीही. मग सभ्यतेची फूटपट्टी कलावंताच्या कामाची नाही. लूट झाकायला मात्र ती फार उपयोगी पडते. आपल्याकडे मंगला बनसोडे यांनी, म्हणजे विठाबाईंच्याच लेकीने, स्वतःच्या नावाचा फड उभा केला. ती गोष्ट मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठी वाटते, कारण तिथे सुपारी घेणारी आणि गाणारी एकच आहे.

दुय्यमच्या गायिकेकडे असा फड क्वचितच असतो. तिची रात्रभराची मेहनत कुणीतरी मोबाइलवर चित्रित करतं, सकाळी ती यूट्यूबवर चढते, आणि बघणारे लाखावर गेले तरी तिला मिळते ती ठरलेली बिदागी, त्यातूनही ढोलक, बँजो आणि गाडीभाडं वजा जाता. "प्रसिद्धी तर मिळते ना बाई," हे वर ऐकावं लागतं. कायदा असं म्हणत नाही. २०१२च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८-अ आहे. कलावंताच्या संमतीशिवाय तिचा कार्यक्रम रेकॉर्ड करता येत नाही, आणि त्याचा व्यापारी वापर झाला तर रॉयल्टीवर तिचा हक्क असतो. हा हक्क ५० वर्षं टिकतो. भीमगीत गाणारीला तो आहे, लावणी गाणारीलाही. कलमात पदराचा उल्लेख नाही.

जयंती मंडळांना म्हणूनच एक सांगणं आहे. यंदाची सुपारी देताना एक साधा कागद करा. बिदागी किती, रेकॉर्डिंगला परवानगी आहे की नाही, आणि चॅनलवर टाकलं तर तिचा वाटा किती, एवढ्या तीन ओळी लिहा, खाली दोघांच्या सह्या घ्या. आणि पोस्टर छापताना गायिकेचं नाव अध्यक्षांच्या नावाएवढ्या टायपात घ्या.