मुलाखत कोणाची, नोकर कोणाचा?

राजधानी परिसरातील मोठ्या किराणा दुकानांत फळ्यांवर माल लावणाऱ्या कामगाराची मुलाखत पाच-दहा मिनिटांत आटोपते. तांदळाचे पोते उचलता येईल का, रात्रपाळी चालेल का, पाकिटावरची मुदत वाचता येते का, खोली किती दूर आहे. मग आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक. प्रश्न विचारणारा अनेकदा दुकानाचा माणूस नसतो, ठेकेदाराचा असतो. गणवेश दुकानाचा, पगार ठेकेदाराचा. माझा मालक कोण, हा प्रश्न उमेदवार विचारत नाही, कारण दाराबाहेर रांग उभी असते.

या नोकरीवरून संसदेने एकेकाळी रान उठवले होते. बहुब्रँड किरकोळ व्यापारात 51 टक्के थेट परकीय गुंतवणुकीस मनमोहन सिंग सरकारने सप्टेंबर 2012 मध्ये मान्यता दिली. त्यावरून आणि डिझेल दरवाढीवरून तृणमूल काँग्रेसने पाठिंबा काढला. 5 डिसेंबर 2012 रोजी लोकसभेत विरोधकांचा प्रस्ताव 218 विरुद्ध 253 मतांनी फेटाळला गेला. एका बाजूला रोजगाराचे आश्वासन, दुसऱ्या बाजूला वाण्याच्या दुकानाची चिंता. होणारा रोजगार कोणाच्या हजेरीपटावर असेल, हा मुद्दा त्या गदारोळात मागेच पडला.

पुढे हरियाणाने वेगळाच प्रश्न काढला. मासिक 30,000 रुपयांपर्यंतच्या खासगी नोकऱ्यांत 75 टक्के जागा स्थानिकांना देणारा कायदा तेथे 15 जानेवारी 2022 पासून लागू झाला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने तो 17 नोव्हेंबर 2023 रोजी रद्द ठरवला. भूमिपुत्रांचा हा सूर मराठी माणसाला परिचित आहे. गुरुग्रामला नोकरी शोधणारा मराठी तरुण मात्र त्या कायद्याने उपराच ठरला असता!

खरी कसोटी आता आहे. 21 नोव्हेंबर 2025 रोजी लागू झालेल्या चार श्रमसंहितांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेने नियुक्तिपत्र अनिवार्य केले आणि आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई केली. मात्र कंत्राटी कामगारांच्या तरतुदी लागू होण्याची मर्यादा 1970 च्या मूळ कायद्यातील 20 वरून 50 कामगारांवर नेली. जे काम सामान्यतः ठेकेदाराकडूनच होते, त्याला मनाईतून सूट आहे. मालाची चढ-उतारही साधारणपणे गाभ्याबाहेर आहे. मग खोके गाडीतून उतरवून फळीवर मांडणे ही चढ-उतार की दुकानदारी? फळ्या रिकाम्या असतील तर ग्राहकाला विकणार काय? आमच्या मते हे गाभ्याचेच काम आहे. पण वाद झाल्यास निर्णय समुचित सरकारचा, आणि खासगी दुकानांसाठी ते राज्य सरकार. राजधानी परिसरात एकच दुकानसाखळी दिल्ली, हरियाणा आणि उत्तर प्रदेश अशा तीन सरकारांच्या हद्दीत माल मांडते. तीन सचिवालयांतून तीन उत्तरे आली तर नवल नाही.

तोवर राज्यांना एक गोष्ट नियमांद्वारे करता येईल. ठेकेदाराने पगार थकवल्यास तो देण्याची जबाबदारी संहितेने मूळ नियोक्त्यावर टाकली आहे. ती मागायची तर आपण कोणत्या दुकानात राबलो याचा कागद कामगाराच्या हाती हवा. म्हणून नियुक्तिपत्रावर ठेकेदाराबरोबर दुकानाचेही नाव आणि पत्ता सक्तीचा करावा, आणि ते पत्र कामाच्या पहिल्या दिवशी, गणवेशाबरोबरच द्यावे.