दोन गाड्या आणि एक पगार

मधल्या सुटींत वर्गाच्या दाराशीं क्षणभर कान देऊन उभें राहिलें, तर क्रिकेटच्या खालोखाल मोटारगाड्यांचाच विषय मुलांच्या तोंडीं असतो, असें आम्हांस नेहमीं आढळतें. कोणती गाडी किती सेकंदांत किती वेग गांठते, हें ज्यांस नकाशांतल्या नद्या आठवत नाहींत त्यांसही मुखोद्गत असतें. या हौसेस नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. यंत्राची आवड ही एक प्रकारें बुद्धीचीच आवड आहे. परंतु याच मुलांस, "त्या गाडीस वर्षाकाठीं खर्च किती?" असें विचारलें म्हणजे सगळे एकमेकांकडे पाहूं लागतात. पालकांची गत नेमकी उलट. त्यांस पेट्रोलचा भाव पैशापर्यंत ठाऊक असतो; पण इंजिनाची शक्ति कशाशीं खातात, हें समजून घेण्याची त्यांस गरज वाटत नाहीं. अर्धा हिशेब एका पक्षाजवळ, अर्धा दुसऱ्याजवळ, अशा स्थितींत घरांत गाडी घेण्याचा प्रसंग आला म्हणजे वाद होणारच. तो सोडविण्यास थोडें साह्य व्हावें म्हणून हा लेख.

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक जुना विद्यार्थी आपले वडील व धाकटी बहीण यांसह आमच्या घरीं आला. त्यास पुण्यास नोकरी लागून वर्ष झालें होतें. वडील नुकतेच निवृत्त झाले होते. बहीण बारावींत होती. आईस दर पंधरवड्यास दवाखान्यांत न्यावें लागे, म्हणून घरांत गाडी हवी होती. ती जुनीच घ्यावयाची, एवढें ठरलें होतें. दोन गाड्या त्यांनीं पाहून ठेविल्या होत्या व दोहोंची मागणी जवळजवळ सारखीच होती. एक फियाटची अबार्थ पुंटो, दुसरी फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय. "सर, तुम्हीच बाबांना समजावून सांगा," असें मुलगा म्हणाला. आणि "सर, तुम्हीच याला समजावून सांगा," असें वडील म्हणाले! पैसे उभे राहावयाचे ते मुलाच्या पगारांतून व वडिलांच्या शिलकींतून, आणि त्याच शिलकींत मुलीच्या पुढील शिक्षणाची तजवीज होती. तेव्हां हा प्रश्न नुसत्या आवडीनिवडीचा नव्हता.

या जातीच्या गाड्यांस हॉट हॅचबॅक म्हणतात. मागचें दार वर उचलून उघडणारी, घरच्या कामाची आंखूड गाडी घ्यावयाची आणि तिच्या पोटांत तिच्या आकारास न शोभेल असें जोरकस इंजिन बसवावयाचें, ही त्यामागील कल्पना. ती सर्वांच्या तोंडीं झाली ती १९७६ सालीं जर्मनींत विक्रीस आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय या गाडीमुळें. ११० अश्वशक्तीच्या या गाड्या प्रथम अवघ्या ५,००० काढाव्या असा कारखान्याचा विचार होता. पण पहिल्या पिढीच्याच चार लाखांहून अधिक निघाल्या. कारण उघड आहे. भाजी आणावयास, मुलांस शाळेंत सोडावयास आणि रविवारीं घाट चढावयास एकच गाडी पुरते. ज्यास दोन गाड्या परवडत नाहींत त्याची गरजही ती भागविते आणि हौसही.

आमच्या पाहुण्यांच्या दोन्ही गाड्या कुळानें परदेशी असल्या तरी जन्मानें पुणे जिल्ह्यांतल्याच. पोलो चाकणची, पुंटो रांजणगांवची. पोलो जीटी टीएसआय २०१३ सालीं बाजारांत आली, अबार्थ पुंटो २०१५ सालीं. फियाट हें नांव वडिलांच्या पिढीस तर अगदीं घरचें. मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून जी प्रीमियर पद्मिनी आपण ओळखतों, ती कुर्ल्याच्या कारखान्यांतून निघणारी मूळची फियाटच. अबार्थ हें नांव मात्र कार्लो अबार्थ याचें. यानें १९४९ सालीं इटलींत शर्यतीच्या गाड्यांची संस्था काढली. त्याची जन्मरास वृश्चिक, म्हणून त्याच्या गाड्यांवर विंचवाचें चिन्ह. त्या विंचवानेंच आमच्या विद्यार्थ्यास दंश केला होता!

प्रथम शक्तीचा विचार करूं. पुंटोचें इंजिन १,३६८ घनसेंटिमीटरचें, पोलोचें १,१९७. दोहोंत टर्बो आहे. म्हणजे इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतें, तें बाहेरची हवा दाबून आंत भरतें, आणि अधिक हवेबरोबर अधिक पेट्रोल जळून लहान इंजिन मोठ्याचें काम करतें. पोलोचें इंजिन १,२०० च्या आंत असण्यास आपल्याकडील करपद्धतीचेंही कारण आहे. चार मीटरांहून आंखूड व १,२०० घनसेंटिमीटरांच्या आंतील पेट्रोल गाडीस २००६ सालापासून सरकारनें कमी कर ठेविला. पुंटो लांबींत बसली, इंजिनांत बसली नाहीं. त्याच्या बदल्यांत तिला १४५ अश्वशक्ति मिळाली, पोलोस १०५. चाकें फिरविण्याचा जो जोर, ज्यास टॉर्क म्हणतात, तो पुंटोचा २१२ न्यूटन-मीटर, पोलोचा १७५. कागदावर पुंटो सरस आहे, यांत वाद नाहीं.

पण या चाळीस अश्वशक्तींचें रस्त्यावर काय होतें तें पाहा. उभ्या जागेवरून ताशीं १०० किलोमीटरांचा वेग गांठण्यास पुंटोस ८.८ सेकंद व पोलोस ९.७ सेकंद लागतात, असें त्या त्या कारखान्यांचें सांगणें होतें. फरक एक सेकंदाहूनही कमी. आणि ज्या वेगापर्यंत ही शर्यत, तेथेंच कायद्याची रेघ आहे. मुंबई-पुणे द्रुतगति मार्गावर मोटारींस सपाटीवर ताशीं १०० व घाटांत ६० किलोमीटरांची मर्यादा आहे. शक्तीचा खरा उपयोग दिसतो तो दोन पदरी रस्त्यावर उंसाच्या ट्रॅक्टरास मागें टाकतांना. समोरच्या बाजूस आपण जितके क्षण कमी राहूं तितका धोका कमी. तेथें दोन्ही गाड्या पुरून उरतात. पुंटोचा पुरा जोर इंजिनाचे मिनिटास २,००० फेरे झाल्यावर लागतो, पोलोचा १,५०० पासूनच. शिवाय पोलो आपले गिअर आपणच बदलते. पुंटोच्या चारी चाकांस डिस्क ब्रेक आहेत. पोलोस वळणावर घसरतां घसरतां तोल सांवरणारी विजेची यंत्रणा आहे. पुंटो चालविण्यांत आनंद अधिक आहे, हें आम्हीं मुलास मोकळेपणीं सांगितलें. खोटें बोलून वडिलांची बाजू जिंकून देण्यांत अर्थ नव्हता.

आतां खर्च. वडिलांचा मुख्य आक्षेप पेट्रोलवर होता, आणि येथें मात्र त्यांचा अंदाज चुकला. सरकारी चांचणीप्रमाणें पोलो लिटरास १७.२ व पुंटो १६.३ किलोमीटर जाते. वर्षांत १०,००० किलोमीटर धांव धरली तर पोलोस ५८१ व पुंटोस ६१३ लिटर लागतील. लिटरास १०० रुपये धरले तर फरक अवघा ३,२०० रुपयांचा! चांचणींतला आंकडा रस्त्यावर कोणासच मिळत नाहीं, हें खरें. पण तो दोघींसही मिळत नाहीं. आतां एकच गाडी घ्या आणि चालविणारा बदला. समजा, शांत पायानें तिनें लिटरास १४ किलोमीटर दिले आणि उतावळ्या पायानें १०. त्याच १०,००० किलोमीटरांस पहिल्यास ७१४ लिटर लागले, दुसऱ्यास १,०००. फरक २८,६०० रुपयांचा. गाडीगाडींतील फरकाच्या जवळजवळ नऊपट फरक पायापायांत निघाला. हा हिशेब ऐकून वडील हंसले आणि मुलगा आपल्या बुटाकडे पाहूं लागला.

विम्यांतही मोठा भेद नाहीं. तिऱ्हाइतास होणाऱ्या नुकसानीचा जो सक्तीचा विमा, त्याचा दर इंजिनाच्या आकारावर ठरतो. २०२२ सालीं ठरलेल्या दराप्रमाणें १,००० ते १,५०० घनसेंटिमीटरांच्या खाजगी मोटारीस वर्षास ३,४१६ रुपये पडत. दोन्ही गाड्या त्याच पायरीवर.

मग खर्चाचा डोंगर कोठें आहे? तो दुरुस्तींत आहे, आणि जुनी गाडी घेणारानें प्रथम तिकडेच पाहिलें पाहिजे. विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर म्हणतात. या विंचवाचें बिऱ्हाड तर २०१९ सालापर्यंत आपल्या देशांतून हललेंच. १ एप्रिल २०२० पासून धुराचे नवे कडक नियम लागू व्हावयाचे होते. त्यांपूर्वींच फियाटनें आपल्या मोटारी येथें बंद केल्या. अबार्थ पुंटो मुळांतच थोड्या निघाल्या. तिचें क्लच, ब्रेक हीं नेहमींचीं कामें जाणता मिस्त्री करील. पण टर्बो किंवा अपघातांत गेलेला दिवा हवा असेल, तर तो कोठून व किती दिवसांनीं येईल हें दैवावर. पोलोही २०२२ सालीं बंद झाली. पण तिच्या कंपनीचें दुकान उठलें नाहीं, आणि त्या गाड्या रस्त्यावर इतक्या आहेत कीं सुटे भाग व मिस्त्री दोन्ही मिळतात.

म्हणून पोलो निर्दोष, असें कोणी समजूं नये. तिच्या सात गिअरांच्या गिअरबॉक्समध्यें दोन कोरडे क्लच असतात व त्यांवर हुकमत चालविणारी एक नाजूक यंत्रणा असते. शहराच्या गर्दींत मुंगीच्या पावलानें सरकतांना हे क्लच तापतात. आणि ती यंत्रणा बिघडली तर खर्च लाखाच्या पुढें जाऊं शकतो. २०१३ सालीं याच जातीच्या गिअरबॉक्ससाठीं कंपनीनें चीनमध्यें पावणेचार लाखांवर गाड्या परत बोलाविल्या होत्या. तेव्हां पाहणी न करतां स्वस्त मिळाली म्हणून ही गाडी घेणें म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

आमचें बोलणें येथवर आलें तेव्हां इतका वेळ गप्प बसलेली मुलगी म्हणाली, "दादा, गाडी महिनाभर गॅरेजमध्यें अडकली तर आईला दवाखान्यांत कशानें न्यायचें?" आम्हां तिघांच्या इतक्या आंकडेमोडींत हा आंकडा नव्हता. गाडी ज्या दिवशीं उभी राहते, त्या दिवसाची किंमत कोणत्याही माहितीपत्रकांत छापलेली नसते; आणि एकच गाडी असलेल्या घरांत सर्वांत महाग पडतो तो हाच दिवस.

यावरून आमचें मत असें झालें. ज्याच्या घरीं दुसरें वाहन आहे, ओळखीचा मिस्त्री आहे आणि सुट्या भागासाठीं चार आठवडे थांबण्याचा धीर आहे, त्यानें अबार्थ पुंटो खुशाल घ्यावी. तसलें इंजिन त्या किंमतींत येथें फारसें कोणीं दिलें नाहीं. पण ज्या घराचें रोजचें काम एकाच गाडीवर चालावयाचें, त्या घरानें पोलो घ्यावी. आणि थोडी वाट पाहतां आली, तर २०२० ते २०२२ च्या दरम्यानची घ्यावी. त्या वर्षांच्या पोलोस ९९९ घनसेंटिमीटरांचें, ११० अश्वशक्तीचें इंजिन आहे, व आपोआप गिअर बदलणारी हवी असल्यास तींत कोरड्या क्लचांची यंत्रणा नसून नेहमींचा सहा गिअरांचा गिअरबॉक्स येतो. तिचा सक्तीचा विमाही २०२२ च्या दरानें ३,४१६ ऐवजीं २,०९४ रुपयांच्या पायरीवर बसतो. दोहोंपैकीं कोणतीही घेतली तरी गाडीच्या किंमतीच्या बाहेर, दुरुस्तीसाठीं म्हणून, एक रक्कम बाजूस काढून ठेवावी. आणि ती मुलीच्या शिक्षणाच्या पैशांतून काढूं नये. तेवढी रक्कम निघत नसेल, तर त्या वर्षीं गाडी घेऊं नये.

मंडळी त्या दिवशीं कांहीं न ठरवितां गेली. पुढें संक्रांतीच्या सुमारास मुलाचा फोन आला. २०२१ सालची पोलो घेतली होती. "पण सर," तो म्हणाला, "विंचवाचं चिन्ह रस्त्यावर दिसलं कीं अजून मान वळतेच." आम्हांस हें ऐकून आनंदच वाटला. मान वळूं द्यावी. हात खिशाकडे एकदम वळूं नये, इतकेंच.

शेवटीं आमच्या विद्यार्थिमित्रांस एक गोष्ट स्पष्ट सांगावयाची आहे. मोटार चालविण्याचें वय १८ वर्षें आहे. त्यापूर्वीं हातीं चाक घेतलें तर २०१९ सालीं सुधारलेल्या कायद्यानें मुलाच्या अपराधाबद्दल पालकास किंवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. तुमच्या दोन मिनिटांच्या हौसेचा खर्च असा दुसऱ्याच्या नांवें पडतो. तोंवर करण्यासारखें काम पुष्कळ आहे. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आंखा. एकांत तुमच्या आवडत्या गाडीची शक्ति, वेग, ब्रेक हें सर्व लिहा; दुसऱ्यांत पेट्रोल, विमा, दुरुस्ती आणि गाडी बंद पडेल त्या दिवशींची घरची अडचण लिहा. पहिला रकाना तुम्ही भरा, दुसरा वडिलांबरोबर बसून भरा. आणि मग पालकहो, तुम्हीही पहिला रकाना एकदां लक्षपूर्वक वाचा.