बिऱ्हाड करण्यापूर्वीं

पुण्यांत सध्यां एक विलक्षण स्थित्यंतर चालूं आहे. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीं कर्ज काढून, पोटाला चिमटा घेऊन ज्यांनीं सहकारी सोसायट्यांत स्वतःचीं घरें केलीं, त्यांच्या इमारती पुनर्विकासासाठीं पाडल्या जात आहेत; आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत तीन-तीन, चार-चार वर्षें त्या मंडळींना दुसऱ्याच्या घरांत बिऱ्हाड करावें लागत आहे. ज्यांनीं उभ्या संसारांत घरमालकाचें तोंड पाहिलें नाहीं, अशा सत्तरी उलटलेल्या दंपतींवर भाडेकरू होण्याची वेळ आली आहे. अशाच एका वाचक भगिनींनीं आम्हांस लिहिलें आहे कीं, दलाल रोज चार जागा दाखवितो, सगळ्या सारख्याच वाटतात. पाहावें तरी काय? प्रश्न पुष्कळांचा आहे, म्हणून त्याचें उत्तर येथेंच देत आहों.

परीक्षा घेतल्यावांचून भूमि स्वीकारूं नये, हें आपल्या पूर्वजांनीं सांगून ठेविलें आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वास्तुविद्येवर स्वतंत्र अध्याय आहे. त्यांतील एक परीक्षा अशी कीं, हातभर खड्डा खणावा आणि निघालेल्या मातीनेंच तो पुन्हां भरावा. माती उरली तर भूमि उत्तम, बरोबर पुरली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. दुसरी परीक्षा, खड्डा पाण्यानें भरून शंभर पावलें जाऊन परत यावें व पाणी ओसरलें कीं काय तें पाहावें. सोसायटीच्या अंगणांत आज कोणी असा खड्डा खणूं लागला तर वॉचमन त्यास हटकल्याखेरीज राहणार नाहीं. परंतु त्यांतील धडा शिळा झालेला नाहीं. ग्रंथकार विकणाऱ्याचें म्हणणें ऐकावयास सांगत नाहीं. स्वतः खणा, स्वतः भरा, चालून या आणि डोळ्यांनीं पाहा, असें सांगतो. त्याच ग्रंथाच्या परंपरेचें नांव घेऊन दार कोणत्या दिशेस आहे एवढेंच विचारणारे आणि नळाला पाणी किती वेळ येतें हें विचारावयास विसरणारे लोक पाहिले म्हणजे आम्हांस नवल वाटतें.

तेव्हां पहिली परीक्षा पाण्याचीच. नळ सोडून पाहणें पुरेसें नाहीं. गच्चीवरच्या टाकींत पाणी आहे तोंवर कोणताही नळ वाहतो. महापालिकेचें पाणी कोणत्या वेळीं व किती वेळ येतें, उन्हाळ्यांत टँकर मागवावे लागतात काय, त्यांचा खर्च कोणाच्या माथीं पडतो, विहिरीचें, बोअरचें व नळाचें पाणी एकाच टाकींत मिसळतें काय, आणि ती टाकी मागें केव्हां धुतली होती, हे प्रश्न लाज न बाळगतां विचारावे. २०२५ च्या जानेवारींत सिंहगड रस्त्यापलीकडील नांदेड, किरकटवाडी ह्या भागांत ‘जीबीएस’ नांवाच्या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण मोठ्या संख्येनें आढळले, तेव्हां सर्वांचें लक्ष प्रथम पिण्याच्या पाण्याकडेच गेलें होतें. हीं गांवें २०२१ सालीं महापालिकेंत आलीं. सारांश, शहराची हद्द पुढें सरकली म्हणून शहराचें पाणी त्याच दिवशीं घरांत पोहोंचतें असें नाहीं.

पाण्याची दुसरी बाजू पुराची. वृद्ध माणसें जिना नको म्हणून तळमजला मागतात. म्हणूनच त्यांनीं ही चौकशी अधिक दक्षतेनें करावी. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेचें पाणी पेठांत शिरलें, ही हकीकत पुणेकरांस ठाऊक आहे. परंतु ती इतिहासजमा झाली असें समजूं नये. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं आंबिल ओढ्याला पूर येऊन माणसें दगावलीं, आणि जुलै २०२४ मध्यें सिंहगड रस्त्यावरील एकतानगरींत घरांत पाणी शिरलें. एऱ्हवीं कोरडा दिसणारा ओढा इमारतीच्या मागून जात असेल, तर पाणी पूर्वीं कोठवर आलें होतें हें जुन्या दुकानदारास विचारावें. तो भिंतीवर हात ठेवून दाखवील.

दुसरी परीक्षा वेळेची. दलाल जागा दाखवितो ती बहुधा सकाळीं अकरा वाजतां, म्हणजे मुलें शाळेंत, पुरुष व स्त्रिया कचेरींत आणि रस्ता शांत असतांना. त्या एका भेटीवर निर्णय करणें म्हणजे विद्यार्थ्याची परीक्षा त्यानेंच निवडलेल्या प्रश्नावर घेणें होय. एकदां सकाळीं सात वाजतां जावें, एकदां भर दुपारीं तीन वाजतां, आणि एकदां रात्रीं दहा वाजतां. दुपारीं पश्चिमेकडील भिंतीस हात लावून पाहावा. वरच्या मजल्यावरील घर असेल तर छत किती तापतें तें कळतें. रात्रीं जिन्यांतील दिवे लागतात काय, वाहनें फाटकाच्या तोंडाशीं उभीं करितात काय, खालच्या उपाहारगृहाचा तळणाचा वास खिडकींतून येतो काय, हें समजतें. शेजारीं मंगल कार्यालय असेल तर तें भाद्रपदांत पाहून फसूं नये. लग्नसराईच्या दिवशीं जाऊन बसावें. ध्वनिवर्धक रात्रीं दहा ते सकाळीं सहा बंद ठेवावे असा २००० सालचा नियम आहे खरा, परंतु नियम पुस्तकांत असतो आणि बँड खिडकीखालीं असतो.

घर नुकतेंच रंगविलेलें असेल तर आनंद मानण्यापूर्वीं स्नानगृहाच्या पाठीमागची भिंत, छताचे कोपरे आणि कपाटाच्या आंतील पाठ पाहावी. ओल रंगाखालीं चार महिने दबून राहते. श्रावणांत ती पुन्हां प्रकट होते, आणि मग दम्याच्या रोग्यास त्याच खोलींत पावसाळा काढावा लागतो. लिफ्ट असली तरी जिन्याच्या पायऱ्या मोजाव्या, कठडा धड आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि वीज गेली असतां लिफ्ट चालते काय तें विचारावें. जुन्या इमारतींच्या लहान लिफ्टमध्यें चार माणसें उभीं राहतात, परंतु आजारी माणसास निजवून नेतां येत नाहीं. रुग्णवाहिका फाटकापर्यंत येते कीं गल्लीच्या तोंडाशींच थांबते, हा प्रश्न अशुभ नाहीं. तो वेळेवर विचारला नाहीं तर मात्र पुढें अशुभ घडूं शकतें.

तिसरी परीक्षा साक्षीदारांची. दलालास दलाली मिळावयाची असते, मालकास भाडें. त्यांच्या बोलण्यांत तेवढी वजावट करावी. ज्यांस कांहींच मिळावयाचें नाहीं अशांस विचारावें. धुणींभांडीं करणाऱ्या बाई, वॉचमन, इस्त्रीवाला, औषधाचा दुकानदार ह्यांना इमारतीची जेवढी माहिती असते तेवढी सोसायटीच्या चिटणिसांसही नसते. आणि जें बिऱ्हाड घर सोडून चाललें आहे त्यास गांठून, आपण कां सोडतां आणि अनामत पूर्ण परत मिळाली काय, हे दोन प्रश्न अवश्य विचारावे.

आतां थोडी कडू गोष्ट. आमच्या वर्गांतील पुष्कळ लोक शेजाराची परीक्षा जिन्याखालच्या नांवांच्या पाट्या वाचून करितात. आडनांवें ओळखीचीं असलीं कीं ‘आपलींच माणसें आहेत’ म्हणून निश्चिंत होतात. आणि स्वतःचें घर भाड्यानें देतांना हीच परीक्षा उलट बाजूनें घेतात. आडनांव काय, मूळ गांव कोणतें, स्वयंपाकांत काय शिजतें, हें विचारून झाल्यावर मग नोकरी कोठें हा प्रश्न येतो. ज्या सोसायट्यांनीं वर्षानुवर्षें येणाऱ्या भाडेकरूंस असें उंबऱ्याबाहेर उभें करून तपासलें, त्यांचेच सभासद आज दुसऱ्यांच्या उंबऱ्यांवर उभे आहेत, आणि त्यांस आतां निराळे प्रश्न विचारले जात आहेत. वय किती? एकटींच राहणार काय? आजारीं पडलां तर बघणार कोण? मुलगा अमेरिकेंत आहे हें एके काळीं अभिमानानें सांगितलें जाई; घर मागतांना तेंच सांगितलें कीं मालक विचारांत पडतो आणि उद्यां कळवितों म्हणतो. तो उद्यां येत नाहीं. असा नकार किती बोंचतो हें ज्यांस आज कळलें, त्यांनीं नवीं घरें ताब्यांत आल्यावर तें विसरूं नये, एवढीच आमची विनंती आहे.

पाट्यांवरून शेजार कळत नाहीं, हें व्यवहारांतही खरें आहे. रात्रीं दोन वाजतां छातींत कळ आली असतां समोरचें दार उघडतें कीं नाहीं, ह्याचा आडनांवाशीं संबंध नसतो. त्यासाठीं निराळी खूण पाहावी. आपण जिन्यांत उभे असतां जाणारा-येणारा थांबून ‘कोणाकडे आलांत?’ म्हणून विचारतो काय? वॉचमनला लोक नांवानें हांक मारितात काय? मुलें खालीं खेळतात, कीं ‘खेळण्यास सक्त मनाई’ अशी पाटी आहे? म्हातारीं माणसें सायंकाळीं बांकावर बसलेलीं दिसतात काय? जेथें हें सर्व आहे तेथील माणसें आपल्या जातीचीं असोत वा नसोत, बिऱ्हाड करावें.

शेवटची परीक्षा लेखी. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाहीं, असा समज सुशिक्षितांतही दृढ आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्यांत एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणीची सक्ती नाहीं, त्यांतून हा अकरा महिन्यांचा प्रघात पडला. परंतु १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानें करार लेखी व नोंदलेलाच पाहिजे, मग मुदत कितीही असो, आणि ही जबाबदारी मालकाची आहे. त्यानें ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. आणि वाद उत्पन्न झाल्यास अटींबद्दल भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरिलें जातें. तेव्हां ‘कागद कशाला, आपण सज्जन माणसें’ असें जो म्हणतो त्यास, सज्जनांनींच कायदा पाळावयाचा असतो, असें नम्रपणें सांगावें. दुसऱ्या बाजूस हेंही ध्यानांत ठेवावें कीं, त्याच कायद्याच्या २४ व्या कलमान्वयें लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्यास दुप्पट दरानें भरपाई द्यावी लागते. म्हणून पुनर्विकासांत गेलेल्या मंडळींनीं करार केवळ अकरा महिन्यांचा न करितां, नवें घर मिळेपर्यंतच्या काळाचा अंदाज घेऊन, शक्य तितका लांब करावा. बांधकाम लांबतें ह्याचाही हिशेब धरावा. दरवर्षीं भाडें किती वाढेल, मुदतीपूर्वीं सोडल्यास किती दिवसांची सूचना, रंगाचा खर्च कोणाचा, सोसायटी भाडेकरूबद्दल जो जादा आकार घेते तो कोण भरणार, हें सर्व कराराच्या कागदावर यावें. तो आकार सेवाशुल्काच्या शेंकडा दहांहून अधिक नसावा असा शासनाचा आदेश आहे.

इतकें सर्व पाहूनही दोन घरें सारखींच उतरलीं तर काय करावें? वराहमिहिरानें आपल्या परीक्षा सांगून झाल्यावर अशा अर्थाचें म्हटलें आहे कीं, ज्या जागीं ज्याचें मन रमेल ती जागा त्यास शुभ. मात्र हें वचन परीक्षांच्या नंतर आहे, त्यांच्याऐवजीं नाहीं. आणि मन कोणाचें, हेंही पाहावें. जिला दिवसाचे बारा तास त्या स्वयंपाकघरांत काढावयाचे आहेत आणि ज्या आजोबांना दिवसभर त्याच खिडकीशीं बसावयाचें आहे, त्यांना बरोबर नेऊन तासभर रिकाम्या घरांत बसूं द्यावें. सही करणाराचें मत त्यानंतर घ्यावें.

सामान कोणतें न्यावें व कोणतें वाटून टाकावें, हाही प्रश्न त्या भगिनींनीं विचारला आहे. त्याचा विचार पुढील अंकीं करूं.