बाळ पालथं पडलं!



या आठवड्याच्या टपालात सहावीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. वहीचं पान फाडून, घाईघाईत लिहिलेलं. ती म्हणते, "ताई, आमचं बाळ साडेचार महिन्यांचं आहे. परवा ते आपलं आपण पालथं पडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. पण आता ते झोपेतही पालथं होतं. आई रात्रभर जागून त्याला सरळ करते. आजी म्हणते, दोन्ही बाजूंना उशा लावा. लावू का?"

नको गं! आजींना माझा नमस्कार सांग, पण उशा नकोत हेही सांग. बाळाचं डोकं जड असतं आणि मान अजून कच्ची. पालथं होऊन तोंड मऊ उशीत रुतलं, तर त्याला ते चटकन बाजूला वळवता येत नाही. मग नाकातून सोडलेलीच हवा ते पुन्हा आत घेत राहतं. अशा वेळी ते रडेलच असंही नाही. म्हणून तर भीती.

आजींचं एक मात्र बरोबर. आपल्याकडे बऱ्याच घरांत बाळाला उताणंच निजवतात. युरोप-अमेरिकेत एके काळी मोठमोठे डॉक्टर 'पालथं झोपवा' म्हणून सांगायचे. डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या जगभर खपलेल्या पुस्तकातसुद्धा हाच सल्ला होता! पालथी झोपणारी धडधाकट बाळं झोपेत दगावण्याचं प्रमाण जास्त आहे, हे मागाहून ध्यानात आलं. मग नेदरलँड्समध्ये १९८७ साली, ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली 'बाळाला उताणं झोपवा' अशा मोहिमा निघाल्या. ब्रिटन-अमेरिकेत काही वर्षांतच असे मृत्यू निम्म्यावर आले. एवढ्याशा बदलानं!

तेव्हा झोपवताना दर वेळी उताणंच ठेवायचं. नंतर ते झोपेत वळलं तर? पालथं होऊन पुन्हा उताणं होणं, दोन्ही त्याला नीट जमत असेल, तर आईनं खुशाल झोपावं. जेमतेम एकाच बाजूला वळत असेल, तर दिसेल तेव्हा अलगद सरळ करावं.

खरं काम अंथरुणाचं आहे. गादी मुठीनं दाबून बघ. खड्डा पडून राहिला, तर ती बाळासाठी फार मऊ. सपाट, घट्ट गादी आणि ताणून खोचलेली सुती चादर, बस्स. राईची उशी, लोड, गोधडी, कापसाचा ससा, सगळं बाहेर. थंडी असेल तर अंगात आणखी एक झबलं घाला. दुपट्यात घट्ट गुंडाळणं तर वळायची धडपड दिसली त्या दिवसापासूनच बंद; हात बांधलेलं बाळ पालथं झालं तर करणार काय? झोळीतही आता रात्रभर ठेवू नका. आणि गळ्यात काळा दोरा असेल तर तो काढा. (यावर आजी रागावतील. आईला पुढे कर.)

तुझ्यासाठीही एक काम आहे. दिवसा बाळ जागं असताना त्याला सतरंजीवर पालथं ठेव, समोर खुळखुळा धर आणि तिथून हलू नकोस. मान-खांदे बळकट होतात, परत उलटायलाही ते शिकतं. डोळे पेंगायला लागले की मात्र उचलून उताणं निजवायचं.

उशांचं काय झालं ते कळव हं!

— तुमची ताई